धावणाऱ्याचे हाड : यवतमाळ जिल्ह्यातील दुखापत आणि उपचार यांचा इतिहास

मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करताना होणारी गंभीर दुखापत दोन वाटांनी येते. एकीत माणूस पडतो, खड्ड्यात पाय जातो किंवा वाहनाची धडक बसते. हाड एका क्षणात मोडते आणि मोडल्याचे सगळ्यांना दिसते. दुसरीत काहीच घडल्यासारखे वाटत नाही. रोजच्या हजारो पावलांचा मार नडगीवर, पंजाच्या हाडांवर, मांडीच्या हाडाच्या मानेवर बसत राहतो आणि हाडाला केसासारखी चीर जाते. यवतमाळ जिल्ह्यात पहिल्या दुखापतीवर फार जुना आणि बराच विचारपूर्वक बांधलेला उपचार होता. दुसरीची ओळख पटायला मात्र विसावे शतक सरत आले, आणि आज जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींना मुख्यतः तीच गाठते.

आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये दक्षिण-पूर्व वऱ्हाड म्हणून वेगळा काढण्यात आला. पुढे तो वणीच्या नावाने, म्हणजे ‘वून’ जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून दारव्हा-पुसदचा मुलूख त्याला जोडल्यावर त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. डोंगर, सागवानाचे जंगल, पैनगंगा आणि वर्धा या नद्यांचे काठ आणि मधल्या पट्ट्यात कापसाची काळी जमीन असा हा प्रदेश आहे. रेल्वे इथे उशिरा आली आणि थोडीच आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली. त्याआधी, आणि बऱ्याच गावांसाठी त्यानंतरही, टपाल माणसाच्या पायांवर चाले. हातात घुंगरांची काठी, खांद्यावर थैली आणि ठरावीक टप्पा ठरावीक वेळात गाठण्याची सक्ती, असे डाकेच्या हरकाऱ्याचे काम होते. पोटासाठी नेमाने लांब धावणारा या भागातला तो पहिला नोकरदार म्हणावा लागेल. त्याच्या पायाची नोंद कोणत्या दप्तरात राहिली नाही. पण बाभळीचा काटा, पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या घोटाभर भेगा यांतून तो रोज जात होता. पाय मुरगळला की टप्पा चुके, आणि टप्पा चुकला की रोजी जाई.

अशा वेळी माणूस हाडवैद्याकडे जाई. कोलामांच्या पोडांवर, गोंडांच्या गावांत, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर आणि कुणब्यांच्या वस्त्यांतही हाड बसवणारा एखादा माणूस पंचक्रोशीत ठाऊक असे. ही विद्या घराण्यात चाले आणि बोटांत साठलेली असे. हाडवैद्य आधी दुखऱ्या जागेच्या वर-खाली हात फिरवी, दुसऱ्या पायाशी ताडून पाही, मग एकाला मांडी धरायला सांगून स्वतः घोट्याकडून सावकाश ताण देई. हाड जागेवर आल्याचे त्याला हाताखाली कळे. त्यावर लेप, लेपावर कापूस आणि कापसावर बांबूच्या कामट्या लावून सुताने किंवा चिंध्यांनी बांधणी होई. कापसाच्या या मुलखात गादीसारखा जाड, मऊ थर द्यायला कधी कमी पडले नाही. काही दिवसांनी पट्टी सोडून सूज पाहायची, तेल लावायचे आणि पुन्हा बांधायचे. दुखण्यावर आंबेहळद, पोटात आणि लेपात कांडवेल ऊर्फ हाडजोड हे घरोघरचे ज्ञान होते.

या पद्धतीचे मूळ सुश्रुतसंहितेशी इतके जुळते की ते जुळणे नुसते योगायोगाचे वाटत नाही. संहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. बांधणीसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, साल आणि वड यांच्या साली किंवा पट्ट्या वापराव्यात असे म्हटले आहे. यांतला साल सोडला तर बाकी सगळी झाडे यवतमाळच्या रानात आणि बांधावर आजही उभी आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधली तर सूज, ठणका आणि पू होतो, असा इशाराही तिथे आहे. नडगी किंवा मांडी मोडलेल्या रोग्याला दाराच्या फळीसारख्या पाटावर निजवायचे, सांध्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन आणि तळव्याशी एक अशा पाच खुंट्या ठोकायच्या आणि पाय हलू द्यायचा नाही, असे कपाटशयन त्यात सांगितले आहे. बरे होण्याचा काळ वयानुसार दिला आहे : तरुणाला एक महिना, मध्यम वयात दोन, म्हातारपणी तीन.

त्याच प्रकरणातली एक गोष्ट धावणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तळहाताचे हाड सांधल्यावर रोग्याने आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग सैंधवाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. हाडाला विश्रांती द्यायची, पण पुढे मोजूनमापून वजनही द्यायचे, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. आजच्या फिजिओथेरपीचा कणा हाच आहे. गावच्या परंपरेत मात्र बांधणी टिकली आणि हा दुसरा भाग पुष्कळदा गळाला. पट्टी सुटली की माणूस सरळ शेतावर जाई.

हाडवैद्याच्या हातून नुकसानही झाले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. कामट्या फार आवळल्या गेल्या की आतली सूज बाहेर पडायला जागा उरत नाही, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि स्नायू मरून आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये अशा आखडलेल्या हाताचे वर्णन केले. बोटे थंड पडणे, काळी-निळी दिसणे, हालवताना असह्य कळ येणे किंवा मुंग्या येऊन बधिरता येणे ही चिन्हे दिसली तर बांधणी त्याच तासाला सोडावी लागते. उघड्या जखमेतून हाड बाहेर आले असेल तिथे लेपाने जंतुसंसर्ग होई आणि पाय गमवावा लागे. तरी साध्या, बंद मोडीत ही विद्या कामी येत होती. जिथे दवाखाना बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर होता, तिथे तिच्यावाचून दुसरे काही नव्हते.

शरीर कमावण्याची शिस्त गावाला आखाड्याने दिली. वऱ्हाडात या चळवळीचे मोठे केंद्र शेजारच्या अमरावतीला उभे राहिले. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये तिथे हनुमान व्यायामशाळा सुरू केली, तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. यवतमाळ शहरातही हनुमान आखाडा होता; तिथल्या चौकाला आजही त्याचेच नाव आहे. आखाड्यात वस्ताद हाच पहिला वैद्य. निखळलेला खांदा बसवणे, लचकलेल्या पाठीला मालिश, मुरगळलेल्या घोट्याला शेक हे तो स्वतः करी. आखाड्याची लाल माती मऊ असते आणि कुस्तीतला मार एकदम बसतो, त्यामुळे वस्तादाचे ज्ञान सांधा, स्नायू आणि मोड यांभोवती फिरे. रोज आठ-दहा मैल धावून नडगीत हळूहळू काय होते, हे कळण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला.

मॅरेथॉन महाराष्ट्रात आली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यामार्गे. तिथे अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा घाट घातला. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. त्या वेळचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, आजच्या ४२.१९५ पेक्षा जास्त. तरी पुढची साठ वर्षे हा खेळ सैन्यदले, रेल्वे आणि पोलीस यांच्या संघांपुरता राहिला. सर्वसामान्यांसाठी रस्त्यावरची मोठी मॅरेथॉन पुण्यात १९८३ मध्ये आणि मुंबईत २००४ मध्ये सुरू झाली. तिथून ही लाट लहान शहरांकडे वळली. शेजारच्या मराठवाड्यात परभणीच्या ज्योती गवते यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा कोरडवाहू जिल्ह्यांतल्या मुलींपुढे एक जिवंत उदाहरण उभे राहिले.

त्याच्या कितीतरी आधी युरोपात दुखापतीचे दुसरे, म्हणजे चिरेचे रूप सैनिकांच्या पायात सापडले होते. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कवायतींनंतर सुजणाऱ्या, दुखणाऱ्या पावलांचे वर्णन केले. कारण त्यांना दिसू शकत नव्हते; क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. दोनच वर्षांनी श्टेखोव यांनी अशा पावलांचे फोटो काढून त्यात चिरलेली हाडे दाखवली. त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणू लागले. आजचे स्ट्रेस फ्रॅक्चर ते हेच. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी डच लष्करी डॉक्टर माथाइसेन यांनी १८५२ च्या सुमारास रूढ केली आणि मांडीच्या हाडात आतून सळई घालण्याची शस्त्रक्रिया क्युंटशर यांनी १९३९-४० मध्ये सुरू केली. या तीन साधनांनी मोडलेल्या हाडाचे भवितव्य बदलले.

यवतमाळपर्यंत ती सावकाश आली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे आणि सेवाग्रामचे १९६९ चे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये निघाले. तोवर हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया हवी असेल तर वणीकडचा माणूस चंद्रपूर किंवा नागपूर गाठे, उमरखेड-पुसदकडचा नांदेड गाठे, आणि यवतमाळचा रोगी सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला जाई. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. फिजिओथेरपीचा पहिला अभ्यासक्रम मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, पण तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट दिसायला आणखी पन्नास वर्षे लागली. हाड जोडणारा डॉक्टर आधी पोहोचला आणि जोडलेल्या हाडावर पुन्हा चालायला शिकवणारा फार मागून, हा क्रम धावणाऱ्यांना महागात पडला.

जिल्ह्यात धावण्याला खरी गर्दी झाली ती भरतीमुळे. कापसाचा भाव आणि कोरडवाहू शेती यांच्या भरवशावर घर चालेना, तसे पोलीस, वनविभाग आणि सैन्य यांकडे पाहणारी तरुण पिढी वाढली. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना पूर्वी ५ किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत धावताना काही उमेदवारांचे मृत्यू झाले आणि चाचणीच्या पद्धतीवर मोठा वाद झाला. पुढे नियम बदलत गेले; आता पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षक भरतीत मात्र पुरुषांना ५ आणि महिलांना ३ किलोमीटर धावणे आहे, आणि त्यावर चार तासांत अनुक्रमे २५ व १६ किलोमीटर चालण्याची कसोटी आहे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत ‘ग्राउंड’ची, म्हणजे मैदानी चाचणीची तयारी करणारी हीच मुले सुट्टीच्या दिवशी बक्षिसाच्या रकमेसाठी गावोगावच्या मॅरेथॉन शर्यतीत उतरतात. ज्या अंतराची चाचणी आहे त्याच्या अनेक पट अंतर दर आठवड्याला धावले जाते, आणि बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत.

भरतीची जाहिरात निघाली की धावणे एकदम दुप्पट होते, आणि हाड नेमके इथे मार खाते. हाड निर्जीव खांब नसते. भार वाढला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा भरते. पोखरण्याला सुमारे तीन आठवडे लागतात, भरण्याला तीन महिने. म्हणून अचानक वाढवलेल्या सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सर्वांत दुबळे असते, नेमके तेव्हा दम मात्र वाढलेला असतो आणि मुलगा आणखी जोर लावतो.

‘नळ्या दुखतात’ ही तक्रार ग्राउंडवर रोज ऐकू येते. तिच्यात दोन वेगळी दुखणी असतात आणि ती अंगठ्याने ओळखता येतात. नडगीच्या आतल्या कडेने अंगठा दाबत वरून खाली नेला आणि वीतभर पट्टा सारखाच दुखला, पाय तापल्यावर दुखणे कमी झाले, तर बहुधा ती हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची ओढ असते. दुखणे एका रुपयाएवढ्या जागी एकवटले असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री ठणकत असेल आणि त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येत असेल, तर चीर धरून चालावे. अशा वेळी लगेच काढलेला एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे निर्दोष येऊ शकतो. ‘फोटोत काही नाही’ या निरोपावर विसंबून मुले पुन्हा धावली आणि चिरेचे रूपांतर पूर्ण मोडीत झाले, हा या दुखापतीतला सर्वांत दुःखद प्रकार आहे. जांघेत खोल दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. तिथे एमआरआय होईपर्यंत त्या पायावर भारच देऊ नये, कारण हाड सरकले तर खुब्याचा रक्तपुरवठा तुटतो.

यवतमाळच्या संदर्भात आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात, ज्या मोठ्या शहरांतल्या धावपटूंसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सहसा नसतात. विदर्भ हा सिकलसेल या रक्तदोषाचा पट्टा आहे. आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत हा दोष पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सिकलसेल आजाराच्या रुग्णाला हाडांत तीव्र कळा येतात आणि खुब्याचे हाड सडू शकते, म्हणून त्याचे दुखणे सरावाचे समजून चालत नाही. ज्याच्यात केवळ वाहकपण आहे तो सहसा निरोगी असतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता केलेल्या जोराच्या धावण्यात तोही कोसळू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी साधी रक्तचाचणी सराव सुरू करण्याआधीच करून घेण्यासारखी आहे. केळापूर परिसरासह काही भागांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षे पोटात गेले की हाड फोटोत भरीव दिसते, पण ठिसूळ होते. मुलींच्या बाबतीत रक्तक्षय आणि कमी जेवणावर जास्त धावणे ही जोडी घातक ठरते. पाळी लांबणे किंवा थांबणे हे ‘फिटनेस’चे लक्षण नसून हाडाचे खत तुटल्याची खूण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये कमी जेवणावर जास्त श्रमाच्या या अवस्थेला वेगळे नाव देऊन ती पुरुष खेळाडूंतही होते हे मान्य केले. घरात मुलीच्या ताटात डाळ, दूध, अंडे किती पडते हा प्रश्न अशा वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा होतो.

उपचाराचा सल्लाही गेल्या पन्नास वर्षांत पालटला. अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी रूढ केली. पुढे त्यांनीच मान्य केले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणे लांबू शकते. २०१९ पासून मांडल्या गेलेल्या नव्या पद्धतीत पहिले काही दिवस जपणे आणि नंतर दुखणार नाही इतका भार देत जाणे यावर भर आहे. सुश्रुताचा मातीचा गोळा, सैंधव आणि दगड यांचा क्रम इथे पुन्हा भेटतो.

नडगीच्या साध्या चिरेला सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते. पूर्ण मोडलेल्या आणि सळई घातलेल्या नडगीला पुन्हा धावण्याजोगे व्हायला सहा महिने आणि कधी त्याहून जास्त. या काळात दम राखण्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीने सायकल आणि पोहणे चालते, आणि ही दोन्ही साधने खेड्यातही असतात. पोहता येणाऱ्याला विहिरीच्या पाण्यातही पाय मारता येतात, फक्त पायऱ्या चांगल्या हव्यात आणि सोबतीला कोणी असावे. अर्धा तास भरभर चालून दुखले नाही, एका पायावर उडी मारून कळ आली नाही, की एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे येथून आरंभ होतो. आधी दिवस वाढवायचे, मग अंतर, वेग सर्वांत शेवटी. त्यासाठी मुरमाचे मैदान किंवा पांदणीची दबलेली वाट डांबरापेक्षा बरी. काळे रान मऊ दिसले तरी हिवाळ्यानंतर त्याला भेगा पडतात आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या घोट्याला ते घात करते.

इतका वेळ मिळणे हीच भरतीच्या मुलांची खरी अडचण आहे. पोलीस भरतीला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २८ आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ वर्षे आहे; २०२२ पासूनच्या अग्निवीर योजनेत दार त्याहून लवकर बंद होते. जाहिराती दर वर्षी निघतील असा भरवसा नसतो. तीन महिने थांबणे म्हणजे पुढच्या जाहिरातीची वाट पाहणे, हे मुलाला आणि त्याच्या बापालाही कळते, म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन ग्राउंड दिले जाते. गोळी दुखणे झाकते, चीर झाकत नाही. दुखापत झालेल्या उमेदवाराला वैद्यकीय प्रमाणपत्रावर पुढची तारीख सहज मिळावी, आणि अकॅडमीत दम मोजणाऱ्या सरांइतकाच नडगी तपासणारा जाणकार असावा, या दोन गोष्टी खर्चाच्या मानाने फार मोठे काम करतील.

काही दुखापतींनंतर पूर्वीचा खेळ परत मिळत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातले सचिन खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडले, हात मोडला आणि त्यात गँगरीन झाले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ठरावीक अपंगत्व असलेल्यांना किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत. वर्दीची वाट बंद झालेल्या मुलांना ही दुसरी वाट तालुक्याच्या क्रीडा संकुलात आणि अकॅडमीत कोणी सांगत असेल, तर दुखापतीनंतर काय करायचे याचे उत्तर त्यांना घरी बसून शोधावे लागत नाही.